कँडल चार्टवरचे स्ट्रोक शोधताना : प्रकल्प नोंदी

४ मार्च

कामाला आज सुरुवात. चार्टवरची प्रत्येक कँडल म्हणजे एका कालावधीतला भाव: सुरुवातीचा (ओपन), शेवटचा (क्लोज), सगळ्यात वरचा (हाय) आणि सगळ्यात खालचा (लो). कँडल चार्टवर भावाची एक चाल कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे प्रोग्रामने सांगायचं, आणि दर वेळी त्याच नियमाने सांगायचं, एवढंच ठरवलं आहे.

निमित्त गेल्या आठवड्यातलं. मी आणि माझे एक सहकारी एकाच चार्टच्या दोन प्रती घेऊन बसलो. तीनशे दैनिक कँडल होत्या. प्रत्येकाने दुसऱ्याचं न बघता पेन्सिलने चाली आखायच्या होत्या. माझ्या २६ रेघा झाल्या, त्यांच्या १९. मोठ्या तेजी-मंदीबद्दल वाद नव्हता. भांडण झालं ते मधल्या वळणांवरून. मी ज्याला घसरण म्हणत होतो ती त्यांच्या मते वर जाताना घेतलेला श्वास होता. दोघांकडेही कारणं होती, पण नियम कुणाकडेच नव्हता. माझ्याच रेघा मी दोन दिवसांनी पुन्हा आखल्या तेव्हा तीन ठिकाणी माझं मलाच पटेना.

मोजमाप असं माणसागणिक बदलत असेल तर त्यावर उभी केलेली कुठलीही खरेदी-विक्रीची पद्धत तपासता येणार नाही. म्हणून आधी रेघ पक्की करायची.

५ मार्च

नियम निवडले. मोजक्या पर्यायांचा विचार केला.

झिगझॅगची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: भाव ठरावीक टक्के उलटा फिरला की नवी चाल. सोपी आहे, पण टक्का कितीचा हे आपणच ठरवायचं, आणि शांत बाजारात योग्य असलेला टक्का खवळलेल्या बाजारात निरुपयोगी ठरतो. ट्रेडर बिल विल्यम्स यांचा पाच कँडलचा फ्रॅक्टल पाहिला. मधल्या कँडलचा हाय दोन्ही बाजूंच्या दोन-दोन कँडलपेक्षा वर असेल तर ते शिखर. पण तो फक्त टोकं देतो. दोन टोकं जोडून चाल कधी मानायची हे त्यात येत नाही.

शेवटी चान सिद्धांतातला स्ट्रोक घेतला. २००६ ते २००८ या काळात चिनी भाषेत १०८ धड्यांच्या मालिकेतून ही पद्धत मांडली गेली. तिच्यातला मूळ शब्द 'बी'. त्याचा अर्थ लेखणी, आणि अक्षर काढताना लेखणी न उचलता ओढलेली एक रेघ. मला हा शब्द फार आवडला. चार्ट म्हणजे लिहिलेलं अक्षर, आणि ते किती फटकाऱ्यांत लिहिलं गेलं हे आपण मोजायचं.

पायऱ्या तीन. शेजारच्या दोन कँडलपैकी एक दुसरीच्या पोटात असेल तर त्या एक करायच्या. मग तीन-तीन कँडल बघून शिखरं आणि तळ शोधायचे. मग शिखर आणि तळ यांच्यात पुरेसं अंतर असेल तरच त्यांना जोडणारी रेघ म्हणजे स्ट्रोक. ओपन आणि क्लोज यांचा यात काहीच संबंध येत नाही, फक्त हाय आणि लो. कँडल हिरवी की लाल हेसुद्धा इथे गौण आहे. रंगावर डोळे ठेवून वाचायची सवय असलेल्याला हे पचायला वेळ लागतो, मला लागला.

८ मार्च

पहिल्या पायरीतच दोन दिवस गेले.

नियम असा: चाल वर असेल तर एकात एक असलेल्या दोन कँडलमधून मोठा हाय आणि मोठा लो घ्यायचा. चाल खाली असेल तर लहान हाय आणि लहान लो. चाल कुठली हे त्याआधीच्या कँडलशी तुलना करून ठरतं. तयार होते तिला मी जोड-कँडल म्हणतो आहे.

माझ्या कोडमध्ये चूक होती, पण ती दिसत नव्हती, कारण बहुतेक ठिकाणी उत्तर बरोबर येत होतं. शेवटी चार कँडलचं उदाहरण हाताने सोडवलं. लो आणि हाय असे:

पहिली ९०–१००
दुसरी ९४–१०८
तिसरी ९७–१०६
चौथी ९५–११०

दुसरी पहिलीपेक्षा दोन्ही बाजूंनी वर आहे, म्हणजे चाल वरची. तिसरी दुसरीच्या पोटात आहे, म्हणून दोघींची जोड-कँडल ९७–१०८. आता चौथी. मूळ दुसऱ्या कँडलशी तुलना केली तर चौथीचा हायही वर आणि लोही वर. म्हणजे ती स्वतंत्र वाटते. पण तुलना मूळ कँडलशी करायचीच नाही. तुलना जोड-कँडलशी, आणि ९५–११० मध्ये ९७–१०८ अख्खी मावते. म्हणून चौथीही तिच्यातच मिसळते आणि उरते ९७–११०. चार कँडलच्या दोन झाल्या. माझा कोड तीन देत होता.

एका कँडलचा फरक क्षुल्लक वाटतो. पण तिसऱ्या पायरीत सगळा खेळ कँडल मोजण्याचाच आहे. इथे एक जास्त मोजली गेली की पुढे नसलेला स्ट्रोक उभा राहतो.

म्हणून काम डावीकडून उजवीकडेच करायचं, आणि प्रत्येक नवी कँडल शेवटच्या जोड-कँडलसमोर ठेवायची. पांडाज या पायथन लायब्ररीच्या टेबलात एका झटक्यात सगळ्या ओळींवर चालणारं सूत्र लावण्याचा मोह इथे सोडावा लागतो. एकेक ओळ क्रमाने घेणारा साधा लूपच बरोबर.

९ मार्च

समान हाय असलेल्या कँडल कधी मिसळत होत्या, कधी नाही. कारण दशांशाचं निघालं. संगणकात १०४.३ हा आकडा गणित करून आला की कधीकधी १०४.३०००००००००००००१ होतो, आणि मग 'समान किंवा मोठा' ही अट फसते. सगळे भाव किमान बदलाच्या पटीत, म्हणजे टिकमध्ये, पूर्णांक करून घेतले. प्रश्न मिटला.

शेअर विभाजन आणि लाभांशासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या भावांबाबतही सावध राहायला हवं. दुरुस्तीत सगळ्या जुन्या भावांना एकाच गुणकाने गुणलं जातं, त्यामुळे त्या कँडलचं आपसातलं नातं टिकतं. पण गुणाकारानंतर आकडे जवळच्या टिकवर आणले की दोन वेगळे हाय समान होऊ शकतात. आणि मग न मिसळणाऱ्या कँडल मिसळतात.

१२ मार्च

आज एक गोष्ट कागदावर सिद्ध झाली आणि मन प्रसन्न झालं.

पहिली पायरी नीट झाली की शेजारच्या कुठल्याही दोन जोड-कँडलमध्ये एकच नातं उरतं: दुसरीचा हाय आणि लो दोन्ही काटेकोरपणे वर, किंवा दोन्ही काटेकोरपणे खाली. तिसरी शक्यता नाही. कारण हाय समान असले तरी त्यातली एक दुसरीत मावतेच, आणि मावली की ती मिसळलेली असते. पुढे नव्या कँडल मिसळत गेल्या तरी हे नातं मोडत नाही, कारण वरच्या चालीत दोन्ही आकडे वरच सरकतात आणि खालच्या चालीत खालीच.

म्हणजे अख्खा चार्ट वर-वर-खाली-वर अशा निव्वळ चिन्हांची माळ होतो. जिथे 'वर' नंतर 'खाली' येतं तिथे शिखर, जिथे 'खाली' नंतर 'वर' येतं तिथे तळ. आणि माळेत शिखर आणि तळ आपोआप आळीपाळीने येतात. दोन शिखरं लागोपाठ आली तर काय, यासाठी मी लिहिलेल्या वीसेक ओळी काढून टाकल्या. त्यांची गरजच नव्हती.

जाता जाता. या तीन कँडलच्या आकाराला सगळे फ्रॅक्टल म्हणतात. गणितज्ञ मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये हा शब्द घडवला तो वेगळ्याच अर्थाने, लहान भागात मोठ्याची रचना पुन्हा दिसते अशा आकारांसाठी. तीन कँडलमध्ये तसं काही नाही. मी माझ्या नोंदींत शिखर आणि तळ एवढेच शब्द वापरणार आहे.

१५ मार्च

तिसरी पायरी, अंतर.

कडक नियम: शिखराच्या तीन कँडल आणि तळाच्या तीन कँडल यांच्यात एकही सामाईक नको, शिवाय मध्ये निदान एक मोकळी जोड-कँडल हवी. शिखराच्या मधल्या कँडलपासून तळाच्या मधल्या कँडलपर्यंत क्रमांकांत किमान ४ चा फरक.

सैल नियम: सामाईक कँडल नको एवढंच, म्हणजे फरक किमान ३. पण जोडण्याआधीच्या मूळ कँडल मोजल्या तर दोन टोकांच्या मध्ये किमान ३ असायला हव्यात.

दोन्ही चालवून पाहिले. अपेक्षेप्रमाणे सैल नियमाने रेघा जास्त पडतात, विशेषतः साइडवेज, म्हणजे आडव्या सरकणाऱ्या, बाजारात. मी कडक नियम घेतो आहे. सैल नियमाची बाजू मला समजते: जोडण्याच्या प्रक्रियेत पाच-सहा खऱ्या कँडल एकीत गडप होतात आणि डोळ्यांना लख्ख दिसणारी चाल नियमात बसत नाही. तरी मला एकाच प्रकारची मोजणी हवी आहे. जोड-कँडल आणि मूळ कँडल दोन्ही मोजायच्या म्हटलं की चूक शोधणं अवघड होतं.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. स्ट्रोक भावाची उंची मोजत नाही, वळायला किती कँडल लागल्या ते मोजतो. पेंगलेल्या बाजारात अगदी बारीक हालचालसुद्धा पाच कँडल रेंगाळली तर स्ट्रोक ठरते. उलट दोन कँडलमध्ये कोसळून तिसऱ्या-चौथीत सावरलेला बाजार, ज्यात लोकांचं वर्षभराचं भांडवल बुडालं असेल, तो स्ट्रोकच्या लेखी घडलेलाच नसतो. दैनिक चार्टवर न दिसलेला असा पडझडीचा स्ट्रोक तासाच्या चार्टवर सापडतो. म्हणून टाइमफ्रेम, म्हणजे एक कँडल किती वेळाची, हे सांगितल्याशिवाय 'स्ट्रोक झाला' हे वाक्य अपुरं आहे.

१९ मार्च

सहकाऱ्यांनी एक विचित्र जागा दाखवली. चार्टवर कँडलची विक (टोकाची बारीक रेघ) शिखराच्या वर गेलेली दिसते, तरी प्रोग्राम शिखर खालीच दाखवतो. मला आधी कोडची चूक वाटली. चूक नव्हती, नियमच तसा आहे.

शिखराची जोड-कँडल ९७–११०. पुढची ९२–१०५, म्हणजे चाल खालची झाली. त्यापुढची मूळ कँडल ९०–११२. ही आधीच्या ९२–१०५ ला पोटात घेते, म्हणून मिसळायची. खालच्या चालीत लहान हाय आणि लहान लो, म्हणून जोड-कँडल ९०–१०५. आणि ११२ हा भाव हिशेबातून नाहीसा झाला.

शिखर ११० वरच राहिलं. पण भाव पडेल म्हणून कुणी आधीच विकून, ११०च्या थोडं वर स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून सौदा आपोआप बंद करणारा भाव) लावून बसलं असेल तर त्या दिवशी त्याचा सौदा कापला गेला होता. रेघेने त्याला सांगितलं असतं की तू अजून सुरक्षित आहेस.

शिखराच्या स्वतःच्या कँडलमध्ये असं होत नाही. तिथे चाल वरची असल्यामुळे मोठा हायच टिकतो. धोका शिखर उलटल्यानंतरच्या कँडलमध्ये असतो.

नियम बदलायचा की नाही यावर बराच विचार केला. बदलला तर १२ तारखेची ती नितळ मांडणी मोडते. म्हणून नियम ठेवला, पण प्रत्येक जोड-कँडलसोबत तिच्यातल्या मूळ कँडलचा खरा उच्चांक आणि खरा नीचांक वेगळ्या रकान्यात जपला. रेघ जोड-कँडलवरून ओढायची, पण पैसे गुंतलेला प्रत्येक हिशेब, म्हणजे स्टॉपलॉस, तोटा, नफा, खऱ्या आकड्यांवरून करायचा.

२३ मार्च

आज बॅकटेस्ट (नियमाची जुन्या भावांवर चाचणी) चालवला. नियम मुद्दाम बाळबोध ठेवला: तळाला घ्यायचं, शिखराला विकायचं. निकाल आला: प्रत्येक सौद्यात नफा. एकही तोटा नाही.

पाच मिनिटं मी पडद्याकडे बघत राहिलो. मग लक्षात आलं की वेगळा निकाल येणं शक्यच नव्हतं. तळ शिखरापेक्षा खाली असतो ही तर स्ट्रोकची व्याख्या आहे. तळाच्या भावाला घेतलं आणि पुढच्या शिखराच्या भावाला विकलं तर नफा ठरलेलाच. मी बाजार तपासला नव्हता, माझी व्याख्याच तपासली होती.

इतकं उघड असूनही ही चूक सर्रास होते, कारण ती सहसा इतकी नागडी नसते. 'तळ झाल्यावर अमुक इंडिकेटर वळला तर घ्या' अशा वाक्यात ती लपते. 'तळ झाल्यावर' म्हणजे नेमकं केव्हा? तो तळ आहे हे त्या दिवशी कुणाला माहीत होतं?

२४ मार्च

कालच्या प्रश्नाचं गणित मांडलं.

शिखराची जोड-कँडल क्रमांक १०० वर आहे असं धरू. ते शिखर आहे हे कळायला १०१ वी स्वतंत्र, खाली जाणारी जोड-कँडल यावी लागते. पुढच्या कँडल आधीच्याच पोटात येत राहिल्या तर हे कळणंही लांबतं. पण शिखर दिसणं वेगळं आणि तिथे स्ट्रोक संपला हे पक्कं होणं वेगळं. त्यासाठी उलटा स्ट्रोक तयार व्हायला हवा. कडक नियमाने तळ लवकरात लवकर १०४ वर. तो तळ आहे हे कळणार १०५ वी वर गेल्यावर. म्हणजे १०० वर घडलेली गोष्ट पक्की कळते ती १०५ वर, आणि हे सगळ्यात लवकर. मूळ कँडल मोजल्या तर त्याहून जास्त.

आणि तोवर भाव कुठे असतो? शिखरापासून खाली येऊन, तळ करून, पुन्हा वर निघालेला. 'वरची चाल संपली' ही खबर हाती पडते ती खालची चालही बहुधा संपत आलेली असताना.

आजपासून टेबलात प्रत्येक टोकासाठी दोन तारखा आहेत. एक रकाना 'कधी घडलं', दुसरा 'कधी कळलं'. चार्टवर रेघ ओढायची तर पहिला. सौद्याचा कुठलाही विचार करायचा तर फक्त दुसरा, आणि भाव त्यानंतरच्या कँडलच्या ओपनचा. पहिला रकाना बॅकटेस्टच्या कोडला दिसणारच नाही अशी रचना केली आहे. स्वतःच्या शिस्तीवर विसंबून ठेवण्यासारखी ही गोष्ट नाही.

तोच बाळबोध नियम 'कधी कळलं' वर चालवला. प्रत्येक सौद्यातला हमखास नफा गेला. उरली ती कधी वर, कधी खाली जाणारी, दलालीच्या खर्चाने हळूहळू झिजणारी सपाट रेषा.

२५ मार्च

चाचणी जोडली: डेटा एकेक कँडल वाढवत जायचा, दर वेळी सगळे स्ट्रोक नव्याने काढायचे, आणि आधी 'पक्का' म्हटलेला एकही स्ट्रोक नंतर बदलला तर तिथेच थांबून ओरडायचं. आज ती तीन ठिकाणी ओरडली. उद्यापासून त्यामागे.

२ एप्रिल

आठवडा गेला. तिन्ही जागा एकाच दुखण्याच्या होत्या, आणि हे दुखणं कोडमधलं नाही.

क्रमांक आणि भाव असे धरू. तळ झ, भाव ७६. मग शिखर अ, क्रमांक १५, भाव ९८. मग तळ ब, क्रमांक २०, भाव ८०. अ ते ब खालचा स्ट्रोक, फरक ५, पक्का. इथपर्यंत ठीक. आता बाजार उसळतो: शिखर क, क्रमांक २२, भाव १०१. तळ ड, क्रमांक २५, भाव ८८. शिखर इ, क्रमांक २८, भाव ९९. मग तळ फ, क्रमांक ३३, भाव ८४.

क सगळ्यात उंच आहे, पण ब पासून फक्त २ अंतरावर. त्याला स्ट्रोकचं टोक मानता येत नाही. इ अंतरात बसतो, पण तो क पेक्षा बुटका आहे. आता ब पासून वर गेलेला स्ट्रोक कुठे संपला?

एक मार्ग असा की इ ला टोक माना. मग रेघेच्या मधोमध रेघेच्या टोकापेक्षा उंच भाव राहतो. डोळ्यांना ते खटकतं, आणि 'स्ट्रोकची टोकं हीच त्यातली परम टोकं' हे तत्त्व मोडतं.

दुसरा मार्ग असा की क पेक्षा उंच, अंतरात बसणारं शिखर येईपर्यंत थांबा. पण ते महिनोन्महिने आलं नाही तर? तोवर सगळ्या हालचाली एका अधांतरी स्ट्रोकमध्ये कोंबल्या जातात.

तिसरा मार्ग असा की अ आणि ब दोन्ही खोडा आणि थेट झ ते क अशी रेघ ओढा. ७६ ते १०१, नंतर क ते फ, फरक ११. चार्टवर हे सगळ्यात सुंदर दिसतं. सहकाऱ्यांना हाच पटतो, आणि मार्चच्या त्या कागदावर त्यांनी अशा जागी हेच केलं होतं. त्यांच्या १९ रेघांचं रहस्य बऱ्याच अंशी इथे आहे.

पण तिसऱ्या मार्गात अ हे शिखर, जे क्रमांक २१ वर पक्कं म्हणून नोंदलं गेलं होतं, ते मागाहून पुसलं जातं. मी त्या दिवशी त्यावर सौदा घेतला असता. तो सौदा माझ्या खात्यात राहील, आणि त्याचं कारण मात्र चार्टवरून गायब झालेलं असेल. वर्षभराने मी चार्ट उघडीन तेव्हा म्हणेन, इथे तर काहीच नव्हतं, मी विकलं कशाला?

हे मला मान्य नाही. रेघ कुरूप दिसली तरी चालेल, पण एकदा पक्कं म्हटलेलं परत घ्यायचं नाही. पहिला मार्ग निवडला. इ ला टोक मानतो, त्या स्ट्रोकवर खूण करतो, आणि क चा १०१ हा भाव 'स्ट्रोकमधला खरा उच्चांक' म्हणून सोबत ठेवतो. एकोणिसाव्या मार्चचा रकाना इथेही उपयोगी पडला.

सहकाऱ्यांशी तासभर बोललो. त्यांचं म्हणणं रास्त आहे: जुन्या चार्टचा अभ्यास करून बाजाराची मोठी रचना समजून घ्यायची असेल तर तिसरा मार्गच बरा, तिथे कुणी सौदा घेत नसतं. खरं आहे. पण माझ्या टेबलात 'कधी कळलं' हा रकाना आहे, आणि त्या रकान्याशी तिसरा मार्ग जुळत नाही. ते त्यांच्या अभ्यासासाठी वेगळी प्रत ठेवणार आहेत.

चाचणी आता गप्प आहे.

६ एप्रिल

हाताने आखणी पुन्हा केली, पण वेगळ्या तऱ्हेने. नवा चार्ट घेतला, उजवी बाजू कोऱ्या कागदाने झाकली, आणि एकेक कँडल उघडत गेलो. प्रत्येक कँडलनंतर वहीत लिहायचं: चालू चाल कुठली, शेवटचं टोक कुठलं, ते पक्कं वाटतं का. खोडरबर वापरायचं नाही.

दोनशे कँडलना अख्खी दुपार लागली. सगळ्यात जास्त वेळा वहीत लिहिलेला शब्द 'बहुतेक'. तेरा वेळा मी शिखर पक्कं म्हटलं आणि पुढच्या चार-पाच कँडलमध्ये भाव त्याच्या वर गेला.

मार्चमधली माझी आखणी सहज झाली होती कारण उजवीकडचं सगळं मला दिसत होतं. डोळा आधी पुढे काय झालं ते बघतो आणि मग मागे येऊन टोक निवडतो. ते इतकं पटकन होतं की आपण टोक 'ओळखलं' असं वाटतं. चार्ट वाचायला शिकवताना पूर्ण चार्ट समोर ठेवून शिकवण्यात हीच मोठी खोट आहे. शिकणारा मागे वळून बघायला शिकतो, आणि बाजारात त्याला उभं राहायचं असतं ते चार्टच्या उजव्या काठावर, जिथे पुढे कोरा कागद असतो.

वहीची तुलना प्रोग्रामशी केली. झाकलेल्या चार्टवर आम्ही दोघं उघड्या चार्टपेक्षा कितीतरी जास्त वेळा एकमताने बोललो. फरक उरला तो मी घाई केली तिथे. प्रोग्राम थांबला होता.

७ एप्रिल

लहान गोष्टी उरकल्या. बंद न झालेली कँडल हिशेबात घ्यायची नाही, तिचे हाय-लो अजून हलत असतात. डेटाच्या सुरुवातीला पहिल्याच दोन कँडल एकमेकींच्या पोटात असतील तर चाल ठरवता येत नाही, म्हणून पहिली मोकळी जोडी सापडेपर्यंत पुढे जायचं. एकाच डेटाचा आरंभ वेगवेगळ्या तारखांना धरून पाहिला: सुरुवातीचे काही स्ट्रोक वेगळे येतात, मग एका जागी जुळतात आणि पुढे सारखे राहतात. म्हणून सुरुवातीचा भाग सरावापुरता वापरून टाकून देतो.

चोवीस तास चालणाऱ्या बाजारात दिवस कुठे संपतो हे डेटा देणारा ठरवतो. दोन ठिकाणच्या दैनिक कँडल त्यामुळे वेगळ्या, आणि स्ट्रोकही वेगळे. दोन्ही बरोबर. एकच निवडायचा आणि बदलायचा नाही.

११ एप्रिल

आजचा प्रयोग मी गेले दोन आठवडे पुढे ढकलत होतो.

नाणं उडवून भाव बनवला. दर पावलाला वर किंवा खाली, समान शक्यता, मागच्याशी काही संबंध नाही. त्या पावलांच्या कँडल बनवल्या आणि तोच प्रोग्राम चालवला.

स्ट्रोक आले. नेटके, आळीपाळीचे, लहान-मोठे. एकामागून एक चढती शिखरं आणि चढते तळ असलेली तेजीसुद्धा आली, आणि मग ती मोडलीही. खऱ्या बाजाराच्या चार्टशेजारी ठेवून, आकडे झाकून सहकाऱ्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि चुकीचा निवडला. मीही आधी पाहिला नसता तर चुकलो असतो.

याने स्ट्रोक निरुपयोगी ठरतात असं मला वाटत नाही. पण ते काय सांगतात याची मर्यादा कळते. रचना दिसली म्हणजे तिच्यामागे कारण आहे असं नाही. नाण्यामागे कुठलंच कारण नव्हतं, तरी रचना होती. स्ट्रोक ही मोजपट्टी आहे, आणि मोजपट्टी लाकडावरही चालते आणि सावलीवरही. म्हणून यापुढे कुठलाही निष्कर्ष काढायचा तर तीच मोजणी नाण्याच्या शंभर चार्टवर आधी करायची. खऱ्या बाजारातला आकडा त्या शंभरांच्या गर्दीत हरवत असेल तर तो सोडून द्यायचा.

ताबडतोब एका लाडक्या कल्पनेवर वापरलं. 'सलग तीन स्ट्रोकचा भाव एकमेकांवर आला की पुढची चाल मोठी असते' असं मला बरेच दिवस वाटत होतं. माझ्या डेटात ते दिसतही होतं. नाण्याच्या चार्टवरही तितकंच दिसलं. कल्पना वहीत खोडली, तारीख घातली.

१५ एप्रिल

रोज बाजार बंद झाल्यावर प्रोग्राम आपोआप चालतो. चार्टवर पक्के स्ट्रोक ठसठशीत रेघेने, आणि शेवटचा चालू स्ट्रोक तुटक रेघेने. सहकाऱ्यांनी सुचवलं म्हणून तुटक रेघेशेजारी एक आकडा लिहायला लावला: हे टोक पक्कं व्हायला अजून किमान किती जोड-कँडल हव्यात.

आज तुटक रेघ वर गेलेली आहे. तळापासून सहाव्या जोड-कँडलवर शिखर दिसलं, त्यानंतर एक कँडल खाली आली आणि आजची तिच्याच पोटात होती, म्हणून मोजणी पुढे सरकली नाही. कालही शेजारचा आकडा ४ होता, आजही ४ आहे. त्यावर आज काही करायचं नाही. उद्याची कँडल बंद झाल्यावर पुन्हा बघतो.